सशाच्या दंतोपचाराची पूर्वतयारी

सशाच्या दंतोपचाराची पूर्वतयारी : पाळीव सशाचे वाढलेले पटाशीचे दात किंवा दाढा भूल देऊन घासून आखूड करण्यापूर्वी अथवा काढण्यापूर्वी घरी आणि दवाखान्यात करावयाची तयारी. कुत्र्या-मांजरांच्या बाबतीत ठरून गेलेले बरेच नियम इथे लागू पडत नाहीत. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवण्याचा नियम तर सशाच्या जिवावर बेतू शकतो.

सशाला २८ दात असतात. वरच्या जबड्यात पुढे दोन पटाशीचे दात आणि त्यांच्या आड आणखी दोन बारीक पटाशीचे दात, खाली दोन पटाशीचे, सुळे नसतात. मधली जागा मोकळी सोडून वर प्रत्येक बाजूला सहा आणि खाली पाच दाढा. हे सगळेच दात जन्मभर वाढत राहतात. पटाशीचे आठवड्याला साधारण २ मिमी. वाढ जेवढी तेवढी झीज झाली तर काही अडत नाही आणि ती झीज होते गवत चघळण्याने. गवत खाताना जबडा आडवा फिरतो, दाढेवर दाढ घासली जाते. तयार गोळ्यांचे खाद्य किंवा गाजर मात्र ससा वरखाली दाबून चुरडतो, तेही थोड्या वेळात. सशाचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्याने न झिजलेल्या दाढांना टोके येतात : खालच्या दाढांची जिभेकडे, वरच्यांची गालाकडे. या टोकांनी जीभ वा गाल आतून फाटतो. पिंजऱ्यात लाकडाचा ठोकळा ठेवला की दात आपोआप झिजतात, ही समजूत दुकानदारांच्या सोयीची आहे. ठोकळा कुरतडतात ते पटाशीचे दात. दाढांना त्याचा स्पर्शही होत नाही. बुटक्या जातींत जबड्याची ठेवणच जन्मतः वाकडी असू शकते. तिथे कितीही गवत घातले तरी पटाशीचे दात एकमेकांवर बसत नाहीत.

तोंड दुखते आहे हे ससा सहजी कळू देत नाही. तो खाण्यापाशी येतो, गवताची काडी उचलतो आणि टाकून देतो. मऊ पाला मात्र खातो. हनुवटीखालचे केस ओले राहतात. वरच्या पटाशीच्या दातांची मुळे अश्रुनलिकेला खेटून असल्याने एका डोळ्यातून सतत पाणी येऊ शकते आणि पुष्कळदा आधी डोळ्याचेच उपचार होत राहतात. खालच्या जबड्याच्या कडेवरून बोट फिरवले तर उंचवटे हाताला लागतात. लेंड्या हरभऱ्याएवढ्या असायच्या त्या लहान, कोरड्या, वेड्यावाकड्या होतात.

पशुवैद्यक जाग्या सशाच्या तोंडात कान तपासण्याच्या दुर्बिणीने डोकावू शकतो, पण सशाचे तोंड अरुंद आणि जीभ जाड असल्याने बरेच काही नजरेआड राहते. पुरती तपासणी भुलीखालीच होते. मुळांची अवस्था एक्स-रे किंवा सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. म्हणून दात घासण्याआधी एक्स-रे काढण्याचा सल्ला मिळाला तर तो वाढीव खर्च समजू नये. नखे कापायच्या कात्रीने पटाशीचे दात छाटण्याची जुनी पद्धत अजून दिसते. तिने दात उभा चिरतो, चीर मुळापर्यंत जाते आणि पुढे तिथे पू धरतो. फिरत्या यंत्राने दात घासणे हीच योग्य रीत.

उपाशी न ठेवण्याचे कारण सशाच्या पोटात आहे. कुत्र्याला भूल देण्यापूर्वी उपाशी ठेवतात ते उलटी होऊन अन्न श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून. सशाला उलटी होतच नाही. उलट त्याचे आतडे सतत चालू राहावे लागते. ते काही तास रिकामे राहिले की मंदावते, वायू धरतो, पोट दुखते, पोट दुखते म्हणून ससा खात नाही आणि न खाल्ल्याने आतडे आणखी थंडावते. शरीरातली चरबी यकृताकडे धावते आणि लठ्ठ ससा दोन-तीन दिवसांत गंभीर होतो. त्यामुळे गवत भुलीच्या आधी फार तर एक-दोन तास काढून घेतात, पाणी तर काढतच नाहीत. तोंडात राहिलेला चोथा भूल चढल्यावर पुसून काढणे हे दवाखान्याचे काम. फोनवरच्या मदतनिसाने सवयीने ‘रात्री दहानंतर काही देऊ नका’ असे सांगितले, तर रुग्ण ससा आहे हे त्याच्या ध्यानात आणून द्यावे आणि डॉक्टरांना पुन्हा विचारावे. महाराष्ट्रात बहुतेक पशुवैद्यकांचा हात गुरे आणि कुत्र्यांवर बसलेला असतो. ‘तुम्ही सशांना नेहमी भूल देता का?’ हा प्रश्न उद्धटपणाचा नाही.

तो विचारण्याला आधार आहे. ब्रिटनमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत भूल किंवा गुंगी दिल्यावर दगावण्याचे प्रमाण कुत्र्यांत ०.१७ टक्के, मांजरांत ०.२४ टक्के, तर सशांत १.३९ टक्के आढळले. निरोगी सशांत ते ०.७३ टक्के होते आणि आजारी सशांत ७.३७. दगावलेल्या सशांपैकी निम्म्याहून अधिक शस्त्रक्रिया आटोपल्यानंतर गेले. म्हणजे अनेक दिवस न खाल्लेला, वाळलेला ससा थेट टेबलावर घेण्यापेक्षा आधी सलाइन, वेदनाशामक आणि पातळ खाणे देऊन त्याला सावरणे शहाणपणाचे. आठवडाभराची दिरंगाई आणि सावरण्यासाठी घेतलेला एक दिवस यांत फरक आहे. पहिली टाळावी, दुसरा द्यावा.

घरची तयारी तारीख मिळाल्याच्या दिवसापासून सुरू होते. ससा रोज एकाच वेळी वजनकाट्यावर ठेवावा. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा काटा आणि त्यावर खोलगट डबा पुरतो. दोन किलोच्या सशाचे शंभर ग्रॅम उतरणे म्हणजे शरीराचा विसावा हिस्सा. भुलीच्या औषधाची मात्राही याच वजनावर ठरते. दुसरी तयारी सिरिंजची. उपचारानंतर भरवावे लागणार हे जवळजवळ ठरलेले, तेव्हा त्याची ओळख आधीच करून द्यावी : ससा टॉवेलमध्ये गुंडाळायचा, सिरिंज समोरून न देता पटाशीच्या दातांमागच्या मोकळ्या जागेतून बाजूने सरकवायची, अर्धा-एक मिलिलिटर सोडायचे आणि तो गिळेपर्यंत थांबायचे. सरावाला चिमूटभर कुस्करलेले केळे पाण्यात कालवून चालते. भरवण्यासाठीची गवताची पूड आधी आणून ठेवावी. ती नसेल तर नेहमीच्या खाद्याच्या गोळ्या कोमट पाण्यात भिजवून गाळून घेतात.

घरातले उरलेले औषध देऊ नये. अमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन यांसारखी प्रतिजैविके तोंडावाटे दिली तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, विषारी जिवाणू माजतात आणि ससा दगावतो. कुत्र्याला हीच औषधे सर्रास चालतात, म्हणून घोटाळा होतो.

नेण्यासाठी वरून उघडणारी, टणक पेटी घ्यावी. तळाला न घसरणारा टॉवेल, त्यावर मूठभर गवत. जोडीचा ससा असेल तर त्यालाही न्यावे. एकट्याला दवाखान्याचा वास घेऊन परत आणले की घरचा जोडीदार पुष्कळदा त्याला ओळख देत नाही आणि मारामारी होते. कान धरून उचलू नये. छातीखाली एक हात, मागच्या पायांखाली दुसरा. मागचे पाय मोकळे राहिले तर ससा इतक्या जोरात झटका देतो की त्याचाच कणा मोडू शकतो. उताणा केल्यावर तो निपचित पडतो ते आरामाने नव्हे, भीतीने. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भात काय किंवा पुण्यात काय, सकाळची पहिली वेळ मागून घ्यावी : हवा ३० अंशांच्या वर गेली की सशाला उष्माघाताचा धोका असतो आणि रिक्षात बंद पेटीत ती लवकर चढते.

दवाखान्यात कानाचे केस काढून कडेच्या शिरेत सुई लावतात. घरी आल्यावर कानावर टक्कल दिसले तर घाबरू नये. ससा नाकानेच श्वास घेतो, त्यामुळे वाहते नाक आदल्या दिवशी दिसले तरी कळवावे. भुलीखाली अंग लवकर गार पडते, म्हणून खाली गरम गादी असते.

घरी आणल्यावर पहिले काम खाण्याचे. कोथिंबीर, मेथी, ताज्या हरळीची कोवळी पाती असे जे त्याला आवडते ते तोंडाशी धरावे. काही तासांत तो आपणहून खात नसेल तर सिरिंज घ्यावी. वेदनाशामक वेळेवर द्यावे, कारण दुखत असेल तर भूक असूनही तो खाणार नाही. कागद अंथरून लेंड्या मोजाव्यात. बारा तासांत एकही पडली नाही तर रात्र असली तरी फोन करावा.

वाकड्या पटाशीच्या दातांना दर चार ते आठ आठवड्यांनी घासावे लागते आणि दर वेळी तीच धावपळ. म्हणून काही सशांचे सहाही पटाशीचे दात कायमचे काढून टाकतात. त्यानंतर ससा ओठांनी अन्न उचलायला शिकतो. पाला आणि गवत तेवढे कापून द्यावे लागते. दाढांचा त्रास असा एका फटक्यात मिटत नाही. तिथे पहिल्या वेळचे वजन, भुलीची मात्रा आणि पहिली लेंडी पडल्याची वेळ लिहून ठेवलेला कागद पुढच्या खेपेला डॉक्टरांपुढे ठेवावा.