चित्रकलेचा क्लास कधीच लावला नाही, मग डिझाइन किंवा आर्टच्या डिग्रीला अर्ज कसा भरायचा?

फॉर्ममधे 'कलेचं आधीचं शिक्षण' असा रकाना दिसला की बरीच पोरं तिथंच टॅब बंद करतात. नका करू. आधी पात्रतेचं पान उघडा आणि तिथं तशी अट खरंच लिहिलीय का ते बघा, कारण फॉर्ममधे माहिती विचारली म्हणजे ती अटच आहे असं नसतं.

आयआयटीच्या बी.डेस. म्हणजे डिझाइनच्या डिग्रीसाठीची यूसीड ही प्रवेश परीक्षा घ्या. बारावी कुठल्याही शाखेची चालते, पोर्टफोलिओ, म्हणजे आपल्या कामांची फाइल, मागतच नाहीत, पेपरातच हाताने स्केच काढायला लावतात. जर्मनीत अजून भारी, तिथल्या बऱ्याच आर्ट अकादम्यांमधे विशेष कलागुण सिद्ध केले तर शाळेची शेवटची परीक्षा नसली तरी प्रवेश मिळू शकतो, आणि ते सिद्ध करायचं कशावर तर 'माप्पे'वर, म्हणजे तीच कामांची फाइल.

आता ही फाइलच खरी डोकेदुखी. अमेरिकेतलं ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन १२ ते २० कामं मागतं. तिथं कित्येक वर्षं अर्जासोबत सायकलचं चित्र काढून पाठवावं लागायचं. समोर न ठेवता एकदा सायकल काढून बघा, चेन नक्की कुठून कुठं जाते इथंच गाडी अडते! तिथं क्लासमधलं गुळगुळीत शेडिंग कामाला येत नाही, नीट बघायची सवय असावी लागते. म्हणून नेटवरून हुबेहूब उतरवलेले हिरोहिरोइनींचे चेहरे फाइलमधे भरू नका, त्यापेक्षा एकच हात दहा वेळा काढलेलं, खोडलेलं वहीचं पान टाका. फोटो खिडकीजवळ, फ्लॅश बंद, वही सपाट, आणि स्वतःच्या मोबाइलची सावली पानावर पडत नाही ना ते बघून.

ब्रिटनला 'यूकास'वरून, म्हणजे तिथल्या प्रवेशांच्या एकत्रित अर्जाच्या साइटवरून, अर्ज जातो. २०२६ च्या प्रवेशापासून तिथं एका लांब निबंधाऐवजी ३ प्रश्न आलेत, प्रत्येकाला किमान ३५० कॅरेक्टर आणि तिन्ही मिळून ४०००, स्पेससकट. तिसरा प्रश्न शिक्षणाबाहेर काय तयारी केली हाच आहे, म्हणजे मंडळासाठी रंगवलेले बॅनर, कुणाच्या नाटकाचा सेट, सगळं तिथं जातं. "मला लहानपणापासून कलेची आवड आहे" हे वाक्य मात्र खोडाच, सगळेच लिहितात.

बाकी कागदपत्रं नेहमीचीच, मार्कशीट, ओळखपत्र, परदेशी असेल तर भाषेच्या परीक्षेचा स्कोअर, कुठं कुठं शिफारसपत्र. नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवा. फी परवडत नसेल तर ती माफ करायची सोय अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांत असते, पण अर्ज सबमिट करायच्या आधी मागायची, नंतर नाही.

आणि फाइल बरी आहे की नाही हे सांगणारं कुणी नसेल तर 'नॅशनल पोर्टफोलिओ डे' शोधा, कॉलेजांची माणसं फुकटात काम बघून बोलतात, ऑनलाइनही असतो, अर्धवट चित्रं नेली तरी चालतं.