जोधपूरमधील घरगुती सौरऊर्जा

राजस्थानात थरच्या वाळवंटाच्या कडेला वसलेल्या जोधपूर शहरात घराच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवून वीज तयार करण्याची पद्धत. या शहराला ‘सूर्यनगरी’ म्हणतात. वर्षभरात पाऊस साधारण ३६० मिलिमीटर पडतो आणि तोही बहुतेक जुलै ते सप्टेंबरमध्ये, त्यामुळे ढगाळ दिवस थोडे. नीट बसवलेला आणि स्वच्छ ठेवलेला १ किलोवॉटचा संच येथे वर्षाला सुमारे १,५०० युनिट देतो. उन्हाची चिंता येथे कोणालाच नसते. संच कसा चालेल हे उष्णता, धूळ, खारे पाणी आणि वारा यांवर ठरते, आणि संच घेताना याच चार गोष्टींची चौकशी सहसा होत नाही.

उष्णता. पॅनेलवर छापलेली क्षमता २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या सेलसाठी (पॅनेलमधल्या वीज तयार करणाऱ्या छोट्या तुकड्यासाठी) असते. हवेत ४४ अंश असताना गच्चीवरचा सेल ६५ ते ७० अंशांपर्यंत तापतो. मोनो पर्क या साध्या, नेहमीच्या प्रकारच्या पॅनेलची क्षमता दर अंशामागे सुमारे ०.३५ टक्के घटते. म्हणजे भर दुपारी १५ टक्क्यांच्या आसपास वीज उष्णतेतच जाते. टॉपकॉन या नव्या प्रकारच्या पॅनेलमध्ये ही घट दर अंशाला ०.३ टक्क्यांच्या जवळपास असते, म्हणून येथे थोडे जास्त पैसे त्यावर घालणे योग्य. मे-जूनपेक्षा मार्च-एप्रिलमध्ये निर्मिती चांगली दिसते, याचे एक कारण हेच. पॅनेल पत्र्याला चिकटवून बसवू नयेत. खालून वारा खेळण्यासाठी किमान फूटभर मोकळी जागा सोडावी.

तापलेल्या पॅनेलचा व्होल्टेजही उतरतो. ५५० वॉटची सहा पॅनेल सिरीजमध्ये (एकामागोमाग एक) जोडली तर कागदावर सुमारे २५० व्होल्ट मिळतात, उन्हाळ्यात २१० च्या आसपास. पॅनेलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणाऱ्या इन्व्हर्टरला ते चालते. पण चारच पॅनेलची स्ट्रिंग (अशी जोडलेली माळ) केली तर दुपारी व्होल्टेज काही इन्व्हर्टरच्या किमान मर्यादेला टेकतो आणि ऐन उन्हात निर्मिती अडखळते. इन्व्हर्टर उत्तरेच्या भिंतीवर, सावलीत आणि मोकळ्या हवेत लावावा. जिन्यावरच्या बंद खोलीत तो तापून स्वतःच आपली क्षमता कमी करतो.

छत आणि वारा. जुन्या जोधपुरी घरांची छते वालुकाश्माच्या लांब पट्ट्यांची असतात. अशा पट्टीत ड्रिलने भोक पाडले की तडा जाण्याचा आणि पुढच्या पावसात गळण्याचा धोका असतो. तेथे सांगाड्याचे पाय काँक्रीटच्या वजनदार ठोकळ्यांत बसवतात किंवा भार भिंतींवर घेतात, ठोकळेही शक्यतो खाली भिंत असेल तेथेच ठेवतात. भारतीय मानकानुसार जोधपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४७ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १७० किलोमीटर धरतात. उन्हाळ्यात झोपायला गच्ची मोकळी राहावी म्हणून सांगाडा सात-आठ फूट उंच करण्याची पद्धत आहे. अशा वेळी तिरके आधार आणि जाड पाइप यांत काटकसर करू नये, कारण आंधीचा (धुळीच्या वादळाचा) वारा पॅनेलला खालून उचलतो. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून २५ अंशांच्या आसपास कलते ठेवतात.

धूळ आणि पाणी. एप्रिल ते जून दर आठवड्याला, आणि आंधी आली की लगेच पॅनेल धुवावीत. हिवाळ्यात पहाटेचे दव धुळीत मिसळून खालच्या चौकटीपाशी चिखलाची पट्टी जमते. ही पट्टी दोन बोटे रुंद असली तरी तिच्याखाली सेलची अख्खी ओळ झाकली जाते. लांब बाजू उभी ठेवून बसवलेल्या पॅनेलमध्ये त्यामुळे खालचा अर्धा भाग बाद होऊ शकतो आणि झाकलेले सेल तापून कायमचे खराब होऊ शकतात. कबुतरांच्या विष्ठेनेही तसेच होते.

बोअरचे पाणी क्षारयुक्त असते. ते काचेवर वाळले की पांढरा थर राहतो आणि तो कापडाने निघत नाही. घरच्या आरओ यंत्राचे वाया जाणारे पाणी तर आणखी खारे, ते मुळीच वापरू नये. उत्तम पाणी म्हणजे टाक्यात साठवलेले पावसाचे. घरात वातानुकूलन यंत्र (एसी) असेल तर त्याच्या नळीचे पाणीही चालते, ते जवळजवळ क्षारमुक्त असते. सूर्योदयापूर्वी पाणी सोडून मऊ पुसणीने धूळ खाली ओढावी. कोरडे घासल्यास वाळूचे कण काचेवर ओरखडे पाडतात, आणि तापल्या काचेवर थंड पाणी पडले तर ती तडकू शकते.

अर्थिंग. चुकीची वीज जमिनीत उतरवण्यासाठी तीन स्वतंत्र खड्डे लागतात: डीसी (पॅनेलच्या) बाजूला एक, एसी (इन्व्हर्टरनंतरच्या) बाजूला एक, आकाशातील विजेपासून वाचवणाऱ्या वीजरोधकाला एक. कोरडी, खडकाळ जमीन वीज नीट वाहून नेत नाही, म्हणून बेंटोनाइटसारखे (ओल धरणाऱ्या मातीचे) मिश्रण भरून रोध ५ ओहमच्या खाली आणतात. मोजणी मे महिन्यात करावी. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर घेतलेला आकडा फसवा असतो.

परवानगी आणि अनुदान. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्य घर’ योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये असे अनुदान ठरले. त्यापुढे कितीही मोठा संच असला तरी कमाल ७८,००० रुपये. देशी सेलपासून बनलेली पॅनेलच त्यास पात्र. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर होतो, नेट मीटर (घेतलेली आणि परत पाठवलेली वीज मोजणारा मीटर) जोधपूर विद्युत वितरण निगम बसवते. १० किलोवॉटपर्यंत तांत्रिक व्यवहार्यता तपासणीची अट २०२४ च्या नियमदुरुस्तीने काढली.

वीज गेली की बॅटरी नसलेला संचही बंद पडतो. संचाची वीज बंद लाइनमध्ये जाऊ नये म्हणून, लाइनवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या सुरक्षेसाठी ते आवश्यक आहे. दुपारी लाइन चालू असतानाही इन्व्हर्टर पुन्हा पुन्हा बंद पडत असेल, तर त्याच्या पडद्यावरचा ग्रिड (बाहेरच्या लाइनचा) व्होल्टेज पाहावा. एकाच रोहित्रावर (ट्रान्सफॉर्मरवर) अनेक घरे वीज परत पाठवू लागली की व्होल्टेज २५३ च्या वर जातो आणि इन्व्हर्टर बंद पडतो. इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतची केबल बारीक आणि लांब असेल तर हा त्रास वाढतो, म्हणून आधी ती तपासावी. ती ठीक असल्यास रोहित्राचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करण्याची जोडणी) बदलण्यासाठी निगमकडे लेखी तक्रार द्यावी. इन्व्हर्टरची व्होल्टेज-मर्यादा वाढवून घेऊ नये, तेवढा व्होल्टेज मग घरातल्या फ्रीज, पंखे आणि कूलरवरही येतो.