रंगाचे पोपडे निघताहेत? आधी भिंत बघू, मग रंग

हॉलच्या भिंतीचा रंग फुगला, पापुद्रे गळायला लागले की आम्हाला फोन येतो : "वरून एक हात मारून द्या, दिवाळी जवळ आलीय." असा हात आम्ही मारत नाही. सुटलेल्या थरावर दिलेला नवा रंग त्या थरासकट खाली येतो आणि तुमचे पैसे वाया जातात. म्हणून आधी भिंत बघायला येतो.

पोपडे कुठे आहेत?

जागेवरूनच बरंचसं कळतं. जमिनीपासून कमरेपर्यंत पट्टा धरला असेल आणि बोट फिरवल्यावर पांढरी भुकटी लागत असेल, तर पायातून ओल चढते आहे. ती भुकटी म्हणजे क्षार, आपण ज्याला लोणा म्हणतो. पाणी भिंतीतून वर येतं, वाळतं आणि सोबत आणलेले क्षार रंगाच्या मागे ठेवून जातं. तेच रंगाला आतून ढकलतात. जुन्या पेठांतल्या दगडमातीच्या घरांत हे हमखास दिसतं.

छताजवळ डाग असेल तर गच्ची किंवा वरची टाकी तपासावी लागते. आपल्याकडे सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे घरोघरी हौद आणि टाक्या भरून ठेवलेल्या असतात. भरलेली टाकी ओसंडून वाहिली की पाणी भिंतीवरून उतरतं. हौदाला किंवा न्हाणीला लागून असलेली भिंत तर आम्ही सर्वांत आधी बघतो. गळती बंद झाल्याशिवाय तिथे कितीही भारी रंग टिकणार नाही. हे आम्ही स्पष्ट सांगतो, मग काम दुसऱ्याकडे गेलं तरी चालेल.

ओल नसतानाही रंग सुटतो. जुन्या चुन्यावर थेट डिस्टेंपर मारलेला असतो, धूळ न झाडता रंग दिलेला असतो किंवा तुळतुळीत ऑइलपेंट न घासता त्यावर प्लास्टिक पेंट चढवलेला असतो. इथे दुरुस्ती सोपी असते.

घरच्या घरी तपासा

फूटभर प्लास्टिकचा कागद भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दुसऱ्या दिवशी काढा. भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीत आहे, खोलीकडच्या बाजूला दिसले तर हवेत. मग बोटाच्या पेराने भिंत ठोकून बघा. जिथे बद्द आवाज येतो, तिथलं प्लास्टर सुटलेलं आहे.

काम कसं होतं

सुटा रंग पट्टीने खरवडतो, घट्ट थर लागेपर्यंत. चुना असेल तर सगळा काढतो. लोणा कोरड्या ब्रशने झाडतो, कारण पाण्याने धुतला तर क्षार विरघळून पुन्हा भिंतीत जातात. भेगा थोड्या रुंद करून भरतो. पोकळ प्लास्टर विटेपर्यंत काढून नवं करतो. नव्या प्लास्टरला पाणी मारायचं, मग पूर्ण वाळू द्यायचं, यात साधारण 28 दिवस जातात. इथे घाई करायला आम्हाला सांगू नका.

त्यानंतर सिमेंटची पुट्टी, दोन पातळ हात. ती थेट प्लास्टरवर धरते, ऑइलपेंटवर नाही. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पुट्टी पुरती घट्ट व्हायच्या आत वाळते आणि मग भुकटी होऊन झडते. म्हणून उन्हाळ्यात सकाळीच काम धरतो, भिंत किंचित ओली करतो आणि लागेल तेवढीच पुट्टी कालवतो. पुढे पॉलिश पेपरने घासणं, धूळ पुसणं, प्राइमर आणि रंगाचे दोन हात.

जुना ऑइलपेंट घासताना विशेष जपावं लागतं, त्यात शिसं असू शकतं. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. त्याआधीचा रंग आम्ही कोरडा घासत नाही, ओला करून घासतो. त्या दिवशी लहान मुलं आणि गरोदर बाई यांना दुसऱ्या खोलीत किंवा नातेवाइकांकडे ठेवा, धान्याचे डबे झाका.

कधी करावं?

सोलापुरात पावसाचा जोर सप्टेंबरात असतो आणि रंगकामाची मागणीही नेमकी त्यानंतर लगेच, नवरात्र-दिवाळीच्या तोंडावर येते. तेव्हा भिंती आतून ओल्याच असतात. ओलीची तक्रार असेल तर सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उरकल्यावर, जानेवारीअखेर ते मार्च या काळात काम काढा. दिवाळीसाठी हवंच असेल तर कोरड्या भिंती रंगवून देतो आणि ओली भिंत खरवडून उघडी ठेवतो. दिसायला बरी नाही, पण वाळते.

अंदाजपत्रकात गळतीची दुरुस्ती, भिंतीची दुरुस्ती आणि रंग यांचे दर वेगवेगळे लिहून देतो. गळतीचं काम तुमच्या ओळखीच्या प्लंबरकडून करून घेतलं तरी आमची हरकत नाही. फक्त ते झाल्यावर एकदा भिंत दाखवा, मगच रंगाची तारीख ठरवू.