बॉब, ॲलिस आणि पराचा कावळा

जुलै २०१७च्या अखेरीस एक बातमी जगभर फिरली. फेसबुकच्या प्रयोगशाळेत दोन चॅटबॉट आपसात गुप्त भाषेत बोलायला लागले, ते काय बोलताहेत हे शास्त्रज्ञांना कळेना आणि घाबरून त्यांनी सगळा कारभार बंद करून टाकला. मला ती तीन जणांनी पाठवली. तिघांनीही खाली ‘बघ, मी म्हणतच होतो’ अशा अर्थाचं काहीतरी लिहिलं होतं. ते नेमकं काय म्हणत होते, ते मला अजून आठवत नाही.

प्रत्यक्षात प्रयोग असा होता. बॉब आणि ॲलिस नावाचे दोन प्रोग्राम. त्यांच्यापुढे काही पुस्तकं, काही टोप्या आणि काही चेंडू. ते आपसात वाटून घ्यायचे. कुठल्या वस्तूला किती गुण हे दोघांना वेगवेगळं ठरवून दिलेलं, आणि एकाचे गुण दुसऱ्याला माहीत नाहीत. म्हणजे समोरच्याला टोप्या हव्यात की चेंडू, हे बोलाचाली करूनच काढून घ्यायचं. सौदा फिसकटला तर दोघांच्याही हाती भोपळा. माणसांनी केलेल्या अशाच घासाघिशीची ५,८०८ संभाषणं आधी प्रोग्रामना शिकवली आणि मग त्यांना एकमेकांशी सराव करायला सोडून दिलं.

गुण मिळत होते ते चांगल्या सौद्याला. इंग्रजी धड बोलण्याला एकही गुण नव्हता. मग व्हायचं तेच झालं. सराव वाढत गेला तसं व्याकरण गळून पडलं. ॲलिस म्हणू लागली, ‘बॉल्स हॅव झिरो टू मी टू मी टू मी टू मी…’ आणि बॉब उत्तर देऊ लागला, ‘आय कॅन आय आय एव्हरीथिंग एल्स’. यात गुप्त असं काही नव्हतं. बक्षीस ज्याला नाही ते शिकणारी यंत्रणा सोडून देते, एवढाच त्याचा अर्थ. संशोधकांना हवे होते माणसांशी बोलणारे बॉट, त्यामुळे त्यांनी साधा उपाय केला. दोघांपैकी एकाला शिकायचं थांबवलं, त्याची भाषा माणसांकडून शिकली होती तिथेच गोठवली आणि फक्त दुसऱ्याला शिकू दिलं. जूनमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लिखाणात हे सरळ लिहिलेलं होतं, कुणाचं लक्षही जाणार नाही इतक्या सपक शब्दांत. महिन्याभरात त्या सपक वाक्याचा ‘शास्त्रज्ञांनी प्लग काढला’ असा मथळा झाला. संशोधकांपैकी ध्रुव बत्रा यांनी अशा बातम्यांना जाहीरपणे क्लिकबेट (म्हणजे क्लिक मिळवण्यासाठी टाकलेलं आमिष) आणि बेजबाबदार म्हटलं, पण खुलाशाचा मथळा होत नाही.

पराचा कावळा झाला की आपण लगेच तो करणाऱ्याला शोधतो. कुणीतरी मुद्दाम ‘ध’चा ‘मा’ केला असणार, असं आपल्याला वाटतं. कधी कधी तसं असतंही. पण रोजच्या रोज, शेकडो ठिकाणी, एकमेकांना न ओळखणाऱ्या लोकांकडून एकाच प्रकारचा कावळा होत असेल तर एखादा खलनायक शोधून फारसं काही हाती लागणार नाही. गुण कशाला मिळताहेत ते बघायला हवं. बॉब आणि ॲलिसची गोष्ट मला म्हणूनच सोडवत नाही. ज्या चुकीमुळे त्यांचं इंग्रजी बिघडलं, तीच चूक त्यांच्याबद्दलची बातमी लिहिणाऱ्या यंत्रणेतही आहे.

ऑनलाइन मथळा बऱ्याचदा एका झटक्यात लिहून होत नाही. एकाच बातमीचे दोन-चार मथळे तयार करतात, वाचकांच्या वेगवेगळ्या गटांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटून दाखवतात आणि क्लिक मोजतात. जो जिंकतो तो राहतो. ए-बी चाचणी म्हणतात ती हीच. अपवर्दी नावाच्या अमेरिकन संकेतस्थळाने २०१३ ते २०१५ या काळात अशा हजारो चाचण्या केल्या आणि पुढे त्यांचा सगळा साठा संशोधकांना खुला झाला. २०२३मध्ये त्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मथळ्यांची सुमारे १ लाख ५ हजार रूपं, ३७ कोटींहून अधिक वेळा ती लोकांपुढे आलेली आणि त्यावर ५७ लाख क्लिक. साधारण लांबीच्या मथळ्यात एक नकारात्मक शब्द वाढला की क्लिकचं प्रमाण २.३ टक्क्यांनी वाढत होतं. सकारात्मक शब्दाने ते घटत होतं. आणि गंमत म्हणजे अपवर्दीची ओळखच मुळी चांगलं, उमेद देणारं काही दाखवणारं संकेतस्थळ अशी होती.

२.३ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण दर चाचणीत जिंकणारा मथळा पुढे जातो आणि पुढचा मथळा लिहिणारा त्याच्याकडे बघून लिहितो. उत्क्रांतीलाही याहून मोठा धक्का लागत नाही. लहानसा फायदा आणि पुष्कळ पिढ्या, एवढ्यावर भागतं. इथे एक पिढी म्हणजे काही तास.

या अभ्यासातली एक गोष्ट मात्र माझ्या अंदाजाबाहेरची होती. क्लिक वाढवत होतं ते दुःख. संतापाचा ठळक परिणाम दिसला नाही आणि भीतीने तर क्लिक कमी झाले. मग आपल्या पडद्यावर इतका संताप येतो कुठून? त्याचं उत्तर वेगळ्या बटणावर आहे. क्लिक आपण एकट्याने करतो, शेअर मात्र चारचौघांत. बातमी पुढे पाठवणं म्हणजे ‘मी या बाजूचा’ असं सांगणं, आणि त्यासाठी संतापासारखं साधन नाही. २०१७च्या एका अभ्यासात बंदूक नियंत्रण, समलिंगी विवाह आणि हवामानबदल या विषयांवरची ५ लाख ६३ हजारांवर ट्वीट तपासली होती. लोभ, द्वेष, लाज अशा, नीती आणि भावना दोन्ही अंगात असलेल्या दर शब्दामागे ट्वीट सुमारे २० टक्के जास्त पसरत होतं. शेअर करायला बातमी वाचावीही लागत नाही. फेसबुकवरच्या साडेतीन कोटी सार्वजनिक पोस्टच्या २०२४मधल्या अभ्यासात दिसलं की शेअर झालेल्या दुव्यांपैकी सुमारे ७५ टक्के शेअर करणाऱ्याने उघडलेलेच नव्हते.

कुठली पोस्ट किती लोकांना दाखवायची, याच्या समाजमाध्यमांच्या हिशेबाचीही याला जोड होती. फेसबुकने २०१७मध्ये इमोजी-प्रतिक्रियांना साध्या लाइकच्या पाचपट वजन दिलं, आणि त्यात रागाचा लाल चेहराही होता. म्हणजे ज्या पोस्टने लोक चिडतील ती अधिक लोकांना दिसेल. पुढे रागाचं वजन कमी करत करत सप्टेंबर २०२०मध्ये ते शून्यावर आणलं.

आणि वाचक? तोही शिकतोच. २०२१मध्ये ७,३३१ ट्विटर वापरणाऱ्यांची १ कोटी २७ लाख ट्वीट अभ्यासली गेली. एखाद्याच्या संतापी ट्वीटला लाइक आणि रीट्वीट जास्त मिळाले की तो पुढच्या खेपेला आणखी संतापून लिहीत होता. म्हणजे बातमी देणारा वाचकाकडून शिकतोय आणि वाचक बातमी देणाऱ्याकडून. दोघंही एकाच वेळी बदलताहेत. बॉब आणि ॲलिसच्या बाबतीत नेमक्या याच अवस्थेत भाषा भरकटली होती, आणि तिथे निदान एकाला गोठवायची सोय होती.

आता राजकारणाकडे येऊ. तंत्रज्ञानाच्या बातमीत राजकारण नकोच, असं म्हणणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही. अमेरिकेने ऑक्टोबर २०२२मध्ये प्रगत चिप आणि त्या बनवायची यंत्रं चीनला विकण्यावर निर्बंध घातले. ही बातमी राजकारण वगळून कशी लिहायची? कुणाचा डेटा कुणाकडे जातो हाही राजकीयच प्रश्न आहे. दुखणं सुरू होतं ते ‘हे चालतं कसं’ या प्रश्नाची जागा ‘हे कुणाचं’ हा प्रश्न घेतो तेव्हा.

१० ऑक्टोबर २०२३च्या रात्री लंडनजवळच्या ल्यूटन विमानतळाच्या बहुमजली वाहनतळाला आग लागली. हजाराहून अधिक गाड्या खाक झाल्या आणि इमारतीचा काही भाग कोसळला. ज्वाळा विझायच्या आत निकाल लागला होता: इलेक्ट्रिक गाडीने पेट घेतला. अग्निशमन दलाने सांगितलं की आग डिझेल गाडीपासून सुरू झाली, तर ते काहीतरी लपवताहेत असं उत्तर आलं. गाडीत बॅटरी होती की इंधनाची टाकी, हा खरं तर पाहून ठरवायचा साधा प्रश्न. पण इलेक्ट्रिक गाडी तोवर एका राजकीय गटाची खूण बनली होती, आणि खुणेवर तांत्रिक प्रश्न विचारता येत नाहीत.

म्हणून तांत्रिक प्रश्न इथे विचारून टाकू: बॅटरी पेटते कशी? लिथियम-आयन सेलमध्ये दोन ध्रुवांच्या मध्ये प्लॅस्टिकचा अतिशय पातळ पडदा असतो. मार लागून, सदोष बनावटीने किंवा अति तापून तो फाटला की आत शॉर्टसर्किट होतं, उष्णता वाढते, रासायनिक क्रिया आणखी उष्णता सोडतात आणि शेजारचा सेलही त्याच वाटेने जातो. काही प्रकारच्या सेलमध्ये धन ध्रुवाचं रसायन तापल्यावर स्वतःच ऑक्सिजन सोडतं, त्यामुळे नुसती हवा तोडून आग विझत नाही. विझलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते. अग्निशमन दलांची डोकेदुखी खरी आहे आणि ती सांगणारा कुणी तेल कंपन्यांचा हस्तक नसतो. पण अशा आगी किती वेळा लागतात? स्वीडनच्या नागरी संरक्षण संस्थेच्या २०२२च्या आकड्यांत सुमारे ६ लाख ११ हजार इलेक्ट्रिक गाड्यांमागे (यात हायब्रिड, म्हणजे इंधन आणि वीज दोन्हींवर चालणाऱ्या गाड्याही धरलेल्या) २३ आगी होत्या, आणि सुमारे ४४ लाख पेट्रोल-डिझेल गाड्यांमागे ३,४००. टक्क्यांत ०.००४ आणि ०.०८, म्हणजे वीसपटीचा फरक. तो जसाच्या तसा घेऊ नये, कारण इलेक्ट्रिक गाड्या सरासरीने नव्या असतात आणि जुनी गाडी जास्त पेटते. तरी दिशा स्पष्ट आहे. इलेक्ट्रिक गाडी क्वचित पेटते आणि पेटली की आवरायला अवघड जाते. यातला एक अर्धा भाग एका गटाला हवा असतो आणि दुसरा दुसऱ्याला; अख्खं वाक्य कुणाच्याच कामाचं नाही.

फेब्रुवारी २०२१मध्ये टेक्सासमध्ये कडाक्याची थंडी पडली आणि ४५ लाखांहून अधिक घरं अंधारात गेली, तेव्हाही हेच. गोठलेल्या पवनचक्क्यांनी घात केला, असा एका बाजूचा गजर. सोबत हेलिकॉप्टरने बर्फ वितळवत असलेल्या पवनचक्कीचा फोटो, जो मुळात स्वीडनमधला आणि जुना. दुसऱ्या बाजूचा गजर असा की पवनचक्क्यांचा यात काहीच दोष नाही. नियामकांच्या चौकशीत अचानक बंद पडलेल्या वीजसंचांपैकी ५८ टक्के नैसर्गिक वायूचे निघाले आणि २७ टक्के वाऱ्याचे. मूळ कारण कंटाळवाणं होतं: यंत्रं आणि वायूच्या वाहिन्या थंडीसाठी तयार केलेल्या नव्हत्या. ‘वाहिन्यांवर उष्णतारोधक आवरण नव्हतं’ या मथळ्यावर कोण चिडणार?

चिडायला समोर माणूस लागतो, आणि तो दुसऱ्या गोटातला असला तर सोन्याहून पिवळं. अमेरिकी वृत्तसंस्था आणि संसद सदस्यांच्या २७ लाखांवर पोस्टच्या २०२१मधल्या अभ्यासात विरोधी गटाचा उल्लेख करणाऱ्या प्रत्येक शब्दागणिक शेअर होण्याचा संभव ६७ टक्क्यांनी वाढताना दिसला. अशा बाजारात बॅटरीच्या बातमीत एखादा नेता आणून बसवणं फार सोपं होतं.

मात्र पक्षपात ओळखण्याचं आपलं स्वतःचं यंत्रही फारसं भरवशाचं नाही. १९८२मध्ये बैरूतमधल्या सब्रा आणि शातिला इथे झालेल्या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या हत्याकांडाच्या टीव्ही बातम्या स्टॅनफर्ड विद्यापीठात इस्राएल-समर्थक आणि अरब-समर्थक विद्यार्थ्यांना दाखवल्या गेल्या. दोघांना अगदी त्याच चित्रफिती. इस्राएल-समर्थक म्हणाले, या इस्राएलविरोधी आहेत. अरब-समर्थक म्हणाले, या इस्राएलधार्जिण्या आहेत. तटस्थ माणसाचं मत यामुळे आपल्याविरुद्ध जाईल, अशी दोन्हीकडे खात्री. १९८५चा हा अभ्यास मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा आधी मला ‘बिकाऊ’ वाटलेल्या दोन-तीन बातम्या आठवतात आणि जरा ओशाळायला होतं.

माध्यमाच्या मालकालाही वाटतो तितका कल ठरवता येत नाही. मॅथ्यू जेंट्झको आणि जेसी शपायरो या अर्थतज्ज्ञांनी २०१०मध्ये अमेरिकी दैनिकांतली भाषा मोजली. वारसा करासारख्या एकाच कराला दोन्ही पक्षांची वेगवेगळी नावं होती, एकाचं ‘इस्टेट कर’ आणि दुसऱ्याचं ‘मृत्यू कर’. कुठलं दैनिक कुठलं नाव वापरतं हे पाहून त्यांनी प्रत्येकाचा कल काढला. तो मालकाच्या मतांपेक्षा त्या भागातल्या वाचकांच्या मतांशी अधिक जुळत होता.

बॉब आणि ॲलिसच्या त्या २०१७च्या शोधनिबंधात एक गोष्ट आहे, जी जुलैच्या गदारोळात मागे पडली. सराव करता करता या प्रोग्रामना कुणी न शिकवलेली एक युक्ती जमली. ज्या वस्तूला आपल्या लेखी शून्य गुण आहेत, ती आपल्याला हवीच आहे असं ते आधी भासवत. थोडी ओढाताण होऊ देत. मग मोठ्या मनाने ती सोडून देत आणि बदल्यात खरी हवी असलेली वस्तू पदरात पाडून घेत. थापेबाजीचा हा धडा बॉटनी गिरवला, तोही अगदी नीट, समजेल अशा इंग्रजीत.