दोन राजपुत्र, दोन सी किंग

‘ब्रिटनचा राजपुत्र सी किंग हेलिकॉप्टर चालवायचा’ हे विधान खरं आहे, फक्त राजपुत्र कोणता ते आधी विचारायला हवं. काका अँड्र्यू नौदलात होता. १९८२च्या फॉकलंड युद्धात ‘इन्व्हिन्सिबल’ या विमानवाहू नौकेवर ८२० स्क्वाड्रनच्या (म्हणजे हवाई तुकडीच्या) पाणबुडीविरोधी सी किंगचा तो सहवैमानिक होता. पुतण्या विल्यम वायुदलातला. २०१० ते २०१३ अशी तीन वर्षं वेल्समधल्या व्हॅली तळावर, शोध आणि बचावाच्या २२ स्क्वाड्रनमध्ये. दोघांची हेलिकॉप्टरं येओव्हिलच्या वेस्टलँड कारखान्यातलीच. नाव तेच, पंखा तोच, बाजूच्या दारावरची विंच, म्हणजे दोराने माणूस वर ओढणारं यंत्र, तेही तेच. म्हणून दोघांना एकाच पंगतीत बसवून ‘राजघराण्यातले बचाव वैमानिक’ असं लिहून मोकळं होणारे पुष्कळ आहेत.

ओळखायची सोपी खूण रंगाची. पूर्ण पिवळं असेल तर ते रॉयल एअर फोर्सचं. लाल आणि करडं असेल तर नौदलाचं. पण रंग हा वरवरचा फरक. ही दोन हेलिकॉप्टरं बचावाच्या कामात आली ती दोन वेगळ्या दारांनी, आणि खरी गंमत तिथे आहे.

वायुदलाचं दार समुद्रात पडलेल्या वैमानिकाचं. १९४१मध्ये त्यांनी सागरी बचावाची स्वतंत्र यंत्रणा उभी केली. वेगवान मोटरबोटी, समुद्रावर उतरणारी वॉलरस विमानं आणि ‘समुद्राला ते मिळणार नाहीत’ अशा अर्थाचं ब्रीदवाक्य. युद्ध संपलं, मग हेलिकॉप्टर आलं. १९५३मध्ये यॉर्कशरमधल्या लिंटन-ऑन-ऊज तळावर २७५ स्क्वाड्रन सिकॅमोर हेलिकॉप्टरं घेऊन उभं राहिलं, ते फक्त शोध आणि बचावासाठी. १९५९मध्ये त्याचं नाव २२८ झालं आणि १९६४मध्ये २०२. माणसं, तळ, काम तेच. पाटी तेवढी बदलत गेली. दुसरीकडे १९५५मध्ये २२ स्क्वाड्रन व्हर्लविंड हेलिकॉप्टरांवर नव्याने उभं केलं. पुढची साठ वर्षं ब्रिटनच्या किनाऱ्याची वाटणी या दोन आकड्यांत होती. शेवटच्या काळात चिव्हनर, वॅटिशम आणि व्हॅली २२कडे. बोल्मर, लॉसीमाउथ आणि लेकनफील्ड २०२कडे.

नौदलाचं दार वेगळं. विमानवाहू नौकेवरून विमान उडताना किंवा उतरताना पाण्यात गेलं, तर उचलायला कोणीतरी जवळ हवं. आधी हे काम मागून चालणारी विनाशिका करायची, मग हेलिकॉप्टर करू लागलं. किनाऱ्यावरच्या नौदल तळांनाही हीच गरज होती. सामान्य नागरिकाला वाचवणं हे या व्यवस्थेच्या कागदावर मुळात नव्हतंच. पण हेलिकॉप्टर हाताशी आहे आणि समोर माणूस बुडतोय, तर कागद कोण बघतो? १९५३च्या फेब्रुवारीत उत्तर समुद्राचं पाणी हॉलंडमध्ये शिरलं, तेव्हा नौदलाच्या ७०५ स्क्वाड्रनची चिमुकली ड्रॅगनफ्लाय हेलिकॉप्टरं तिकडे गेली आणि छपरांवरून शेकडो माणसं उचलून आणली. एरवी ते स्क्वाड्रन प्रशिक्षणाचं.

७७१ स्क्वाड्रनची गोष्ट तर याहून मजेची. नौदलाच्या बचावकार्याचं नाव घेतलं की आज हाच आकडा आठवतो. पण १९३९मध्ये ते स्थापन झालं ते तोफांच्या सरावासाठी विमानामागे लक्ष्य ओढत नेण्यासाठी. कॉर्नवॉलमधल्या कल्ड्रोज तळावर बचावाचं काम त्याच्याकडे आलं ते कितीतरी नंतर.

सी किंगचंही तसंच. नौदलाने ते घेतलं पाणबुड्या शोधण्यासाठी. पोटातून दोरखंडावर सोनार, म्हणजे आवाजावरून पाणबुडी हुडकणारं यंत्र, पाण्यात सोडायचा, हेलिकॉप्टर तिथेच तरंगत ठेवायचं आणि कान लावून बसायचं. अंधारात, लाटांवर, एका जागी स्थिर राहण्याची जी यंत्रणा पाणबुडीसाठी बसवली होती, ती बुडत्या जहाजावर दोर सोडायलाही नेमकी उपयोगी पडली. नंतर जुन्या झालेल्या या हेलिकॉप्टरांतून सोनार काढून जागा मोकळी केली आणि त्यांना बचावासाठी जुंपलं. वायुदलाचं सी किंग मात्र १९७८मध्ये सेवेत आलं तेच बचावासाठी बनवून घेतलेलं: जास्त इंधन, सोनार नाही, आत माणसांना जागा. म्हणजे पिवळं जन्मापासून बचावाचं आणि लाल-करडं पाणबुडीच्या खात्यातून बदली होऊन आलेलं.

आपल्याकडेही सी किंग १९७१पासून भारतीय नौदलात आहे, आणि तेही आधी पाणबुडीविरोधी कामासाठीच आलं. मे २०२१मध्ये तौक्ते वादळात मुंबईसमोर पी-३०५ बार्ज बुडाला, तेव्हा कुलाब्याच्या ‘आयएनएस शिक्रा’वरून उडालेली सी किंग त्याच घराण्यातली. आपल्याकडे पिवळं भावंड कधी आलं नाही, म्हणून हा घोळ आपल्याला नवा वाटतो.

कामाच्या वेळी फरक दिसायचा का? लांबून पाहणाऱ्याला नाही. दोन्हीकडे चौघांचा चमू, दिवसा पंधरा मिनिटांत आणि रात्री पंचेचाळीस मिनिटांत उड्डाणाची तयारी. आत मात्र पद्धत निराळी. वायुदलात मागे बसलेला रडार सांभाळणाराच जागेवर पोचल्यावर विंच चालवतो. नौदलात त्या जागी ‘ऑब्झर्व्हर’ असतो, आणि तो वैमानिक नसूनही अख्ख्या हेलिकॉप्टरचा प्रमुख असू शकतो. पाणबुडीच्या शिकारीत डावपेच मागच्या पडद्यासमोर ठरतात, पुढच्या काचेसमोर नाही, सवय तिथली.

नौदलाच्या बचावकार्यातली सर्वांत काळी रात्र १९ डिसेंबर १९८१ची. ‘युनियन स्टार’ या मालवाहू बोटीचं इंजिन कॉर्नवॉलच्या किनाऱ्याजवळ बंद पडलं. बोटीवर आठ जण. कल्ड्रोजहून सी किंग निघालं. वैमानिक होता अमेरिकी नौदलातून देवाणघेवाणीत आलेला रसेल स्मिथ, ८२० स्क्वाड्रनचा. हो, काही महिन्यांनी राजपुत्र अँड्र्यू ज्यातून युद्धावर गेला तेच ८२०. म्हणजे पाणबुडीविरोधी स्क्वाड्रनचा माणूस त्या रात्री बचावाला होता. वारा तुफानी, बोट अशी हेलकावत होती की डोलकाठी हेलिकॉप्टरच्या पंख्याला लागेल. दोर खाली पोचेना. शेवटी माऊसहोल गावच्या मच्छीमारांची ‘सॉलोमन ब्राउन’ ही लाइफबोट पुढे झाली. तिने चौघांना घेतल्याचं बिनतारी संदेशातून कळलं आणि मग आवाज बंद झाला. दोन्ही बोटींवरचे मिळून सोळा जण गेले. स्मिथने वरून यातलं बरंच पाहिलं. इतकी ताकद असलेलं यंत्र डोक्यावर आणि एका डोलकाठीमुळे निरुपयोगी, हे वाचणं मला आजही सोसत नाही.

याच्या उलट ऑगस्ट २००४मधला बॉस्कॅसलचा पूर. कॉर्नवॉलमधल्या त्या छोट्या गावातून नदीने मोटारी काड्यापेट्यांसारख्या समुद्रात नेल्या. सात हेलिकॉप्टरं आली, त्यांत पिवळी आणि लाल-करडी दोन्ही. सुमारे शंभर जणांना छपरांवरून, झाडांवरून उचललं आणि एकही जीव गेला नाही. त्या दिवशीच्या छायाचित्रांखाली मात्र ‘वायुदलाची हेलिकॉप्टरं’ असं सरसकट लिहिलेलं हमखास सापडतं. वाचवलेल्या माणसाला वरच्याचा रंग काय, हे बघायला वेळ नसतोच.

या चुकीला आणखी एक कारण आहे. १९९७पासून कोणतं हेलिकॉप्टर कुठे पाठवायचं हे स्कॉटलंडमधल्या किनलॉस इथलं वायुदलाचं केंद्र ठरवायचं. नौदलाच्या कल्ड्रोज आणि प्रेस्टविक या दोन तळांवरची हेलिकॉप्टरंसुद्धा. फोन वायुदलाच्या खोलीतून, हेलिकॉप्टर नौदलाचं.

आणि तिसरा भिडू विसरून चालणार नाही: तटरक्षक, म्हणजे कोस्टगार्ड. तो लष्करी नाही. १९८८पासून ली-ऑन-सोलेंट इथला नौदलाचा बचाव तळ नागरी कंपनीच्या हेलिकॉप्टरांनी चालवायला घेतला, आणि ती हेलिकॉप्टरं होती सिकोर्स्की एस-६१एन. म्हणजे सी किंगची नागरी भावंडं! वायुदल सहा, नौदल दोन, तटरक्षक चार, असे बारा तळ शेवटी होते. आज ब्रिटनच्या किनाऱ्यावर लाल-पांढरं हेलिकॉप्टर दिसतं ते तटरक्षकाचं. त्याला नौदलाचं समजू नका.

२०१५मध्ये सगळंच काम या नागरी व्यवस्थेकडे गेलं. चिव्हनरच्या पिवळ्या सी किंगची पाळी ४ ऑक्टोबर २०१५ला संपली आणि त्याबरोबर देशातलं वायुदलाचं हेलिकॉप्टर बचावकार्यही. नौदलाने १ जानेवारी २०१६ला हात सोडले. मार्चमध्ये ७७१ मोडीत निघालं. पिवळ्या सी किंगला दुसरं कामच नव्हतं. त्यातलं एक आता लंडनला, हेंडनच्या संग्रहालयात उभं आहे. नौदलाची काही सी किंग मात्र त्यानंतरही २०१८पर्यंत उडत राहिली, बाजूला पिशवीसारखं लोंबणारं रडार लावून, ताफ्यावर पहारा देत.