डिकिया आणि हेक्टिया : लागवड व निगा

आमच्या रोपवाटिकेतून आपण नेलेले डिकिया किंवा हेक्टियाचे रोप घायपातासारखे दिसत असले, तरी ते अननसाच्या कुळातील आहे. डिकियाच्या बहुतेक जाती मूळच्या ब्राझीलच्या आणि हेक्टियाच्या मेक्सिकोच्या. दोन्ही खडकाळ, उन्हाच्या जागी वाढतात. याच कुळातील शोभेच्या काही झाडांच्या पोंग्यात पाणी भरून ठेवतात. तसे येथे करू नये, कारण ही रोपे पाणी मुळांनी घेतात आणि साचलेल्या पाण्याने त्यांचा गाभा कुजतो.

काळ्या जमिनीत खड्डा काढून रोप थेट लावू नये. मुरूम, विटांचे तुकडे आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळून किमान वीतभर उंचीचा वाफा करावा. त्याआधी लव्हाळा व हरळी मुळासकट काढावी, कारण पाने पसरल्यावर काट्यांमधून हात घालून खुरपणे जवळजवळ अशक्य होते. दिवसाचे पाच-सहा तास ऊन हवे. मात्र शेडनेटखालचे रोप एकदम भर उन्हात न ठेवता दोन आठवड्यांत हळूहळू सरावू द्यावे.

‘यांना पाणी कमी लागते’ असे आम्हीच सांगतो, आणि गैरसमजही त्यातूनच होतो. जमिनीत मूळ धरलेले रोप पाण्यावाचून बरेच दिवस काढते. परंतु गच्चीवरील कुंडीत मुळांना जागा थोडी असल्याने एप्रिल-मे महिन्यांत माती पार कोरडी पडली, की खालची पाने टोकाकडून वाळू लागतात. त्यामुळे वरची दोन बोटे माती सुकताच कुंडी तळातून पाणी वाहीपर्यंत भिजवावी. थंडीत हे अंतर वाढवावे. देशावरील पावसाला उंच वाफा पुरतो. कोकणात मात्र कुंडी पावसाळाभर वळचणीच्या आत, उजेडाच्या जागी ठेवणे बरे.

काही जातींच्या, विशेषतः हेक्टियाच्या, पानांच्या कडांना आकड्यांसारखे वळलेले काटे असतात. हात आत सहज जातो, पण बाहेर घेताना अडकतो. अशा वेळी हिसका न देता तो थोडा पुन्हा आत ढकलून मग अलगद सोडवावा. जाड चामडी हातमोजे वापरावेत आणि पायवाटेच्या कडेला ही झाडे लावू नयेत. चंदेरी पानांच्या जाती, उदाहरणार्थ डिकिया फोस्टेरियाना, फडक्याने पुसू नयेत. ती चंदेरी झाक सूक्ष्म खवल्यांची असते आणि बोट घासले तरी तेथे हिरवा डाग उरतो.

घायपात फुलून मरते, तसे डिकियाचे होत नाही. त्याचा पिवळा-नारिंगी फुलांचा दांडा बाजूने निघतो आणि मूळ झाड टिकते. हेक्टियाची नर व मादी झाडे वेगळी असल्याने एकट्या झाडापासून बी मिळत नाही. घरी रोपे वाढवायची असल्यास पिल्ले आईच्या तिसऱ्या हिश्शाएवढी झाल्यावर सुरीने वेगळी करावीत आणि जखम दोन-तीन दिवस सावलीत सुकवून मगच लावावीत. हे काम जमत नसल्यास झाड गोणपाटात गुंडाळून आमच्याकडे आणावे. काटे मात्र कातरून आणू नयेत, कारण कापलेल्या कडा पुन्हा भरून येत नाहीत.