कोणालाच न लागलेल्या अपघाताची नोंद

बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीतला एखादा कारखाना घ्या. क्रेनची स्लिंग, म्हणजे भार बांधून उचलायचा दोर किंवा पट्टा, तुटते आणि उचललेला लोखंडी भार धाडकन खाली येतो. खाली कोणी नसतं. "वाचलो बाप्पा!" म्हणत मंडळी पसारा आवरतात, नवी स्लिंग लावतात आणि कामाला लागतात. नोंद होत नाही, कारण कोणाला खरचटलंही नसतं.

पण ती तुटलेली स्लिंग बरंच काही सांगू शकते. समजा, 1 टनाचा भार दोन स्लिंगांनी उचललाय. दोन्ही सरळ उभ्या असतील तर प्रत्येकीवर अर्ध्या टनाचा ताण येतो. त्याच फाकून आडव्या रेषेशी 30 अंशांचा कोन करू लागल्या, की प्रत्येकीवर पूर्ण 1 टन! चूक बांधण्याच्या पद्धतीत असेल तर नवी स्लिंगही तुटेल, आणि तेव्हा खाली कोणी उभं नसेलच असं नाही.

अमेरिकी सुरक्षातज्ज्ञ हर्बर्ट हाइनरिख यांनी 1931 मध्ये मांडलं, की एका गंभीर दुखापतीमागे 29 किरकोळ दुखापती आणि 300 बिनदुखापतीच्या घटना असतात. हे प्रमाण सगळीकडे लागू पडत नाही. पाय घसरण्याचे प्रकार कमी केले म्हणून बॉयलरचा स्फोट टळत नाही. त्यामुळे घटना मोजत बसण्यापेक्षा प्रत्येक वेळी काय होऊ शकलं असतं, हे विचारणं मला जास्त मोलाचं वाटतं.

1 डिसेंबर 1974 रोजी टीडब्ल्यूए या अमेरिकी कंपनीचं प्रवासी विमान वॉशिंग्टनजवळ डोंगरावर आदळलं. 92 जण गेले. उतरण्याच्या सूचनेचा वैमानिकांनी वेगळा अर्थ घेतला होता. जेमतेम सहा आठवड्यांपूर्वी युनायटेड या दुसऱ्या कंपनीचं एक विमान त्याच गैरसमजातून त्याच डोंगरावर आदळता आदळता वाचलं होतं! युनायटेडने आपल्या वैमानिकांना सावध केलं. इतरांपर्यंत ते पोहोचलंच नाही. त्यानंतर 1976 मध्ये अशा घटना कळवण्याची यंत्रणा नासाकडे आली. शिक्षा करणाऱ्या खात्याकडे ती ठेवली नाही, हे विशेष. कळवणाऱ्याचं नाव अहवालातून काढून टाकतात, आणि नियम मुद्दाम मोडला नसेल तर सहसा दंडही माफ होतो.

आपल्याकडे ठेकेदाराचा कामगार उद्या कामावर घेतील की नाही या धास्तीत असतो. सुपरवायझरच्या टेबलावरच्या वहीत तो काही लिहिणार नाही. त्याच्यासाठी बिननावाची चिठ्ठी टाकायची पेटी हवी, तोंडी सांगायचीही सोय हवी, आणि त्यावर काय बदल केला ते आठवडाभरात मराठी-हिंदीत गेटजवळच्या फलकावर लागायला हवं.